सर एल्ड्रेड यांची बारावी निवडणूक

सर एल्ड्रेड पेनविक आयुष्यात अकरा निवडणुका लढले आणि अकराही पडले. कुणी हळहळावं असं त्यात काही नाही. माणूसच तसा होता. त्यांची भाडेकरू मैत्री, तिचं तर मत होतं, की इंग्लंडच्या मतदारांइतके शहाणे लोक जगात दुसरे नसतील.

हे इंग्लंडचे सरदार राहायचे जर्मनीत, बाड हॉम्बुर्गला, बायकोच्या घरात. थोरला भाऊ निपुत्रिक गेला म्हणून 'सर' ही पदवी यांच्याकडे आली. पदवीबरोबर आलेली गळकी हवेली विकून झाली, मग यांनी औषधांचं दुकान चालवणाऱ्या गिझेलाशी लग्न केलं. तीस वर्षं तिच्या छपराखाली राहून जर्मनची धड चार वाक्यं शिकले नाहीत. निवडणूक लागली की मात्र विमानानं इंग्लंडला जायचे आणि परदेशी लोक आपली भाषा शिकत नाहीत यावर भाषण ठोकून यायचे. पक्षाचं नाव काउंटी पार्टी. सभासद नऊ, त्यातले दोन अंथरुणाला खिळलेले.

घराच्या जिन्यात अकरा फोटो टांगलेले होते. तिकडे निकाल वाचताना सगळ्या उमेदवारांना मंचावर उभं करतात, तेव्हाचे. प्रत्येक फोटोत सर एल्ड्रेड एकदम कडेला, मोहरीच्या रंगाचा तोच कोट घालून. एका फोटोत शेजारी कोंबडीचा पोशाख चढवलेला गमतीचा उमेदवार होता. त्याला यांच्यापेक्षा दुप्पट मतं पडली होती. आपण शर्यतीतले घोडे नाही हे कुणालाही एवढ्यावरून कळलं असतं, पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात ते खोटं नाही.

मैत्री नागपूरची. बाड हॉम्बुर्गमधल्या एका कंपनीत ती वैद्यकीय यंत्रांची चाचणी करायची आणि दीड वर्षापासून सर एल्ड्रेडच्या तिसऱ्या मजल्यावर भाड्यानं राहायची. नवरा केतन आणि चार वर्षांची उर्जा अजून नागपुरातच होते. त्यांच्या व्हिसासाठी एकच कागद अडला होता. घर तिघांना पुरेसं आहे आणि ते इथे राहणार आहेत, असं घरमालकानं लिहून सही करायची. गिझेला असती तर चहा गार व्हायच्या आत सही झाली असती. ती गेल्या हिवाळ्यात गेली, आणि तो कागद सात आठवडे सर एल्ड्रेडच्या टेबलावर पडून होता. 'विचार चालू आहे,' अशी शाईच्या पेनानं लिहिलेली चिठ्ठी तेवढी दोनदा दाराखालून आली.

"मंगळवारी मुंबईत अपॉइंटमेंट आहे," केतन फोनवर म्हणाला. "ही चुकली तर पुढची पाच महिन्यांनी. तो फेरमीटर, तुझा घरमालक, सही का करत नाही गं? कायद्यानं नाही म्हणू शकतो का?"

"नाही म्हणतच नाहीये ना तो. आल्झो, म्हणजे वकील केला तरी मंगळवारच्या आत काय होणार?"

मागून उर्जाचा आवाज आला, "आई, माझे लाल बूट मी बॅगेत भरले." मैत्रीनं फोन ठेवला आणि भांडी इतक्या जोरात घासली, की एका कपाचा कान तुटला.

त्या शनिवारी दुपारी तीन वाजता दार वाजलं. दीड वर्षात पहिल्यांदाच सर एल्ड्रेड तीन जिने चढून वर आले होते. धापा टाकत होते, आणि हातात मोठा लिफाफा होता.

"मिस माय-ट्री, तुमची एक सही हवी आहे," ते इंग्रजीत म्हणाले. "पोटनिवडणूक आहे. उमेदवारीला माझी संमती आहे, या कागदावर साक्षीदार लागतो. चार वाजता कुरियर येईल. सोमवारी कागद तिकडे पोचला नाही, तर संपलं."

अडला हरी! डावीकडच्या शेजाऱ्यावर यांनी कुंपणावरून खटला भरला होता, उजवीकडच्याशी कुत्र्यावरून बोलणं बंद होतं, कामवाली बाई सोडून गेली होती. उरली होती ती ज्या परदेशी लोकांच्या कुटुंबांना येऊच देऊ नये असं यांच्या पत्रकात पहिल्याच ओळीत छापलं होतं, त्यांच्यातली एक. पत्रक लिफाफ्यातून डोकावत होतं. मैत्रीनं ते बाहेर ओढलं आणि उभ्या उभ्या पूर्ण वाचलं. तिची कानशिलं तापली.

"माझा कागद आणा," ती म्हणाली. "आधी तुमची सही, मग माझी."

"हा तर चक्क सौदा झाला."

"गेनाऊ. अगदी बरोबर. तीन वाजून सहा मिनिटं झालीत."

म्हातारा तीन जिने उतरला, कागद घेऊन परत तीन जिने चढला आणि सही केली. व्हिसासाठी प्रत चालणार होती. मैत्रीनं लगेच त्याचा फोटो काढून केतनला पाठवला आणि मूळ कागद कपाटात ठेवून किल्ली खिशात टाकली. मग ती टेबलापाशी बसली.

"यावर तुम्ही आधीच सही केलीये. मी ती पाहिलेली नाही. नाही देणार साक्ष."

"ती नुसती औपचारिकता असते, हो."

औपचारिकता कशाला म्हणतात हे मैत्रीला कुणी शिकवायला नको होतं. तिचे बाबा, राजानंद, टपाल खात्यात होते. निवृत्त झाल्यावर एका लहानशा पक्षातर्फे चार वेळा उभे राहिले. कधी चिन्ह शिट्टी, कधी कढई. पहिल्याच वेळी अर्जातला एक रकाना कोरा राहिला होता. अर्ज घेणाऱ्या कारकुनाला तो दिसला होता, पण मुदत संपेपर्यंत तो गप्प राहिला. छाननीत अर्ज बाद झाला तेव्हा तोच कारकून गालातल्या गालात हसला. बाबा घरी येऊन भिंतीकडे तोंड करून बसले. "मतांनी पडलो असतो तर जेवण गेलं असतं गं," एवढंच म्हणाले. मैत्री तेव्हा अकरा वर्षांची होती.

लिफाफ्यात एक कोरी प्रत निघाली. सर एल्ड्रेडनी ती तिच्यासमोर भरली, झोकदार सही ठोकली आणि कागद तिच्याकडे सरकवला. घड्याळात पावणेचार.

मैत्रीनं तो वरपासून खालपर्यंत वाचला. जन्मतारखेचा रकाना कोरा होता. आतापर्यंतच्या अकरा वेळचे कागद गिझेलानं भरले होते, आणि या गृहस्थांना वय सांगायला आवडत नसे. पत्रकावरचा फोटोही वीस वर्षांपूर्वीचाच होता. खानदान छाती ठोकून सांगणाऱ्या माणसानं जन्माचीच तारीख गाळली होती.

आता नुसतं गप्प बसायचं होतं. तिचा कागद तर कपाटात होता. सात आठवडे, उर्जाचे सात आठवडे या माणसानं टेबलावर कुजवले होते. तिला ते मनापासून हवं होतं. सोमवारी तिकडचा अधिकारी मान हलवतोय आणि मोहरीच्या रंगाचा कोट बाहेर पडतोय, हे तिला डोळ्यांसमोर दिसतही होतं. तिनं पेनाचं टोपण काढलं. आणि त्या कारकुनाचं हसू आपल्याच ओठांवर आलंय हे तिला कळलं. तिला स्वतःची किळस आली.

"जन्मतारीख राहिली," ती म्हणाली.

"त्याच्याशी कुणालाही कर्तव्य नाही."

"अर्ज बाद होईल."

सर एल्ड्रेडनी कागदाकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मग तुम्ही मला का सांगताय? मी निवडून यावं असं तर तुम्हाला वाटत नाही."

"अजिबात वाटत नाही. सपाटून पडावं असं वाटतं," मैत्री म्हणाली. "पण पडायचं तर मतांनी पडा."

त्यांनी हातानं आडोसा करून आकडे लिहिले. मैत्रीनं खाली आपलं नाव लिहिलं, मधलं राजानंद पूर्ण लिहिलं, आणि सही केली. आभार वगैरे काही न मानता ते खाली गेले.

पोटनिवडणुकीत त्यांना त्र्याण्णव मतं मिळाली. "माझ्याहून कमी," बाबा फोनवर म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. जिन्यात बारावा फोटो लागला.

पुढच्या महिन्यात एका सकाळी दाराखालून चिठ्ठी आली. तीच शाई, तेच वळणदार अक्षर. 'जिन्यात लहान मुलाचे लाल बूट आढळले. ते ताबडतोब हटवावेत.'

मैत्रीनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि फ्रिजवर चुंबकानं लावली. आत उर्जा अजून झोपली होती. बूट मैत्रीनं जिन्यातच राहू दिले.