खड्डे न दाखवणारी सुई

आनंदनगर एमआयडीसीतल्या त्या कारखान्यात हाडात बसवायच्या स्क्रूंवर मुलामा चढवत. तो कितपत गुळगुळीत झालाय हे तपासायला लॅबमध्ये एएफएम नावाचं सूक्ष्मदर्शक होतं. त्यात भिंग नाही. डोळ्यांना दिसणार नाही इतक्या बारीक टोकाची सुई आंधळ्याच्या बोटासारखी पृष्ठभागावरून फिरते आणि तिथले उंचसखल भाग पडद्यावर उमटतात. ती सुई सांभाळणं हे बदलापूरच्या ऋतिकाचं काम, आणि ती ते जीव लावून करायची.

नवी सुई लावली की ती किती ताठ आहे ते आधी मोजावं लागतं. जुनी रीत म्हणजे टोक काचेवर दाबून बघायचं, पण त्यात टोक झिजतं. सुई हवेतच आपली आपण बारीक थरथरत असते. ऋतिका त्या थरथरीवरून हिशेब काढी, टोक कुठे टेकूच देत नसे.

लॅबचे प्रमुख नरेंद्र सर मात्र "एकदा दाबून बघू, खात्रीला बरं" म्हणत टोकाची वाट लावायचे. माणूस जुन्या वळणाचा, असं समजून ती गप्प बसे.

एका दुपारी ती डबा अर्धवट टाकून लवकर परतली. सर एकटेच मशीनवर होते. समोशाच्या तेलकट बोटांनी माउस धरून त्यांनी सुई काचेवर दाबली. पुन्हा दाबली. मग जोर वाढवून आणखी एकदा.

"सर, मोडेल ती!"

"मोडत नाही गं, बोथट होते." दात कोरत ते हसले. "तुझी टोकदार सुई बारीक खड्ड्यांत शिरते आणि लॉट फेल करते. बोथट सुई शिरतच नाही. सगळं एकदम चकाचक! कळलं?"

ऋतिकानं बाहेर जाऊन तोंड धुतलं, तरी समोशाचा वास नाकातून जाईना. कुणाच्या तरी मांडीच्या हाडात ते स्क्रू बसणार होते, आणि हा माणूस दात कोरत होता.

त्याच आठवड्यात स्क्रू घेणाऱ्या कंपनीच्या सई मॅडम पाहणीला आल्या. सरांनी आपलं चकाचक चित्र पुढे केलं.

"मॅडम, नवी सुई लावून दाखवते," ऋतिका म्हणाली आणि उत्तराची वाट न पाहता कामाला लागली. काचेला न टेकवता सुई मोजली, स्क्रूवर उतरवली. पडद्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे उमटले.

"बाहेर ट्रक चालूये, त्याचं व्हायब्रेशन," सर घाईनं म्हणाले.

ऋतिकानं दुसरी कोरी सुई लावली. तेच खड्डे, त्याच जागी.

"ट्रक इतका नेम धरून हादरवतो?" सई मॅडमनी विचारलं आणि लॉट तिथेच थांबवला.

दुसऱ्या दिवशी सर पेढे घेऊन हजर! "आपल्या लॅबनं दोष पकडला, टीमवर्क!" असं सगळ्यांना सांगत त्यांनी ऋतिकाच्या हातावर पेढा ठेवला. त्यांच्या बोटांच्या ठशांसकट. तिनं तो कचऱ्याच्या डब्यात टाकला.

"आधीचे लॉट, सर?"

"ते कधीच गेले. आता कुठे शोधतेस?" ते हळूच म्हणाले. "नोकरी कर नीट."

ऋतिका गेटबाहेर आली. अंगावर पाल पडल्यासारखं वाटत होतं. तिनं सई मॅडमना फोन लावला.

"मॅडम, आधीचे सगळे लॉट परत मागवा. बोथट सुईनं पास केलेत. मुद्दाम. मी स्वतः पाहिलंय, लिहून द्यायला तयार आहे."

पलीकडून मॅडम म्हणाल्या, "काही स्क्रू बसवून झाले असतील गं."

"म्हणूनच आज फोन केला," ऋतिका म्हणाली.