डावीकडचं पुढचं चाक

पाच वाजता गाडी न्यायला माणूस येणार होता, आणि सव्वातीन वाजता गाडीला एकही चाक नव्हतं.

गाडी माझ्या आत्याची. माझ्या जन्माच्या आधीपासूनची, फिक्या निळ्या रंगाची, गोल दिव्यांची. आत्याचा उजवा गुडघा दोन वर्षांपासून रुसलेला आहे आणि जुन्या ड्रम ब्रेकला सगळा जोर पायातूनच द्यावा लागायचा. एकदा उतारावर तिनं दोन्ही पायांनी ब्रेक दाबला, तरी गाडी एका दुकानाच्या पायरीला टेकली तेव्हाच थांबली. मग जुन्या गाड्या जमवणाऱ्या एका गृहस्थांना तिनं शब्द दिला: अमुक रविवारी पाच वाजता त्याच उतारावर गाडी माझ्या एका पायानं थांबली तर माझी, नाहीतर तुमची.

तो रविवार आज होता. आणि आत्या दिलेला शब्द फिरवत नाही.

तीन आठवडे या गाडीचे जुने मिस्त्री आणि मी तिच्या गॅरेजमध्ये राबत होतो. मागचे ड्रम तसेच ठेवले. पुढचे काढून तिथे डिस्क बसवल्या, डिस्कला चिमटीत धरणारे जाडजूड कॅलिपर बसवले, पायाचा जोर वाढवणारा बूस्टर बसवला, ब्रेकच्या तेलाच्या नळ्यांमधली हवा काढली. आत्याची अट एकच होती. "चाकं जुनीच हवीत. मला नव्या चकचकीत चाकांवर मिरवायचं नाही."

म्हणून मी आधीच चाकाच्या आत कॅलिपर मावतो का ते मोजलं होतं. मोजमाप हे माझं कामच आहे. बाबा मला घरात 'मिलिमीटर' म्हणतात.

"मिलिमीटर, लाव बघू पहिलं," आत्या म्हणाली. ती खुर्चीवर बसून चाकांच्या चार चकचकीत टोप्या फडक्यानं पुसत होती. बाबा चहा घेऊन दारात उभे होते.

उजवीकडचं पुढचं चाक बसवलं. नट हातानं आवळले. मी चाकाला एक टिचकी दिली. ते फिरलं, फिरत राहिलं, अजिबात आवाज न करता. मिस्त्रींनी शीळ घातली.

डावीकडचं चाक लावलं. नट आवळताना अर्ध्यातच अडलं. फिरवलं तर खर्र.

"कॅलिपर धरणारं ब्रॅकेट तिरकं बसलंय," मिस्त्री म्हणाले. त्यांचा चेहरा उतरला. "सगळं खोलावं लागेल. परत हवा काढायची म्हणजे तीन तास."

"तीन तास आहेत कुठे?" आत्यानं विचारलं. पुसणारा हात थांबला होता.

घड्याळात पावणेचार झाले होते. पण ब्रॅकेट मी स्वतः मोजून बसवलं होतं. ते तिरकं असणं माझ्या डोक्यात शिरेना. मग एक साधी गोष्ट सुचली.

"चाकांची अदलाबदल करू."

"त्यानं काय होणार?"

"ब्रॅकेट तिरकं असेल तर दोष डावीकडेच राहील. नाहीतर चाकाबरोबर जाईल."

दोन्ही चाकं काढली. उजवीकडचं डावीकडे लावलं. फिरलं, लोण्यासारखं. डावीकडचं उजवीकडे लावलं. खर्र.

"गाडी बरोबर आहे!" मी जवळजवळ ओरडलेच. "चाक चुकलंय!"

दोन्ही चाकं जमिनीवर पालथी घातली. त्यांच्यावर लोखंडी पट्टी आडवी ठेवून खोली मोजली. पाच मिलिमीटरचा फरक. मी एकच चाक मोजून चारही सारखीच असणार असं धरून चालले होते. माझ्या हाताखाली कुणी असं केलं असतं तर मी त्याला दिवसभर बोलले असते.

मिस्त्रींनी पात्यानं रंग खरवडला. खाली ठसा होता, दुसऱ्याच कारखान्याचा.

"हे या गाडीचं चाकच नाही!"

"मग आलं कुठून?" आत्या म्हणाली. "पहिल्या दिवसापासून गाडी माझ्याकडे आहे."

दारात कप बशीवर किणकिणला.

"ताई, चहा घे ना, गार होतोय."

"माझा केव्हाच संपला. तुझ्या हातात आहे तो तुझा." आत्यानं मान वळवली. "धाकट्या, इकडे बघ."

बाबांनी घसा खाकरला. "तू परीक्षेच्या कामाला तीन दिवस बाहेरगावी गेली होतीस ना... एकतीस वर्षांपूर्वी... मी गाडी जरा काढली होती. हिच्या आईला फिरवायला. तेव्हा ती हिची आई नव्हती अजून."

"आणि?"

"वळणावर पदपथाला धडकली. चाक वाकलं. मग भंगारात तसंच दिसणारं मिळालं. रंग दिला, लावलं."

मिस्त्री हळूहळू उठून उभे राहिले. "म्हणजे टोपी या चाकाला बसतच नव्हती...!"

त्या टोपीचं पुराण आम्हा सगळ्यांना पाठ आहे. दर दोन-तीन महिन्यांनी गाडीच्या एका चाकाची टोपी उडून पडायची. मिस्त्री चाकांच्या जागा बदलायचे, मग दुसऱ्या कोपऱ्यातून पडायची. त्यावरून आत्यानं पक्का निष्कर्ष काढला होता की हा माणूस चारही कोपऱ्यांत सारखाच निष्काळजी आहे.

"एकतीस वर्षं मी तुम्हाला हलगर्जी म्हणत आले," आत्या म्हणाली.

"हलगर्जी नव्हे, बाई. बिनडोक. हलगर्जी तुम्ही पाहुण्यांसमोर म्हणायचात."

आत्यानं बाबांकडे असं पाहिलं, की पंचावन्न वर्षांचा माणूस पाचवीतला झाला. मग तिनं घड्याळ पाहिलं.

"तुझा समाचार सव्वापाचला. आधी चाक. स्टेपनी लावा."

"तिचं टायर तडकलंय," मिस्त्री म्हणाले.

"मागचं घेऊ!" मी म्हणाले. "मागे अजून ड्रमच आहेत. परकं चाक तिथे आतापर्यंत चाललंय, पुढेही चालेल."

या वेळी मी काहीही धरून चालले नाही. मागच्या डाव्या चाकाचा ठसा पाहिला, खोली मोजली. कॅलिपरवर मुलांच्या खेळातल्या मऊ मातीची गोळी चिकटवली, चाक चढवलं, एक फेरा फिरवला, उतरवलं. चाकानं गोळी दाबून चपटी केली होती. तिची जाडी मोजली: चार मिलिमीटर. तेवढी मोकळी जागा पुरेशी होती. परकं चाक मागे डावीकडे गेलं.

मग आम्ही धावलोच. समोरासमोरचे नट एकाआड एक आवळले, पुरेसा जोर लागल्याची टक् पाना देईपर्यंत. गाडीखालच्या घोड्या काढल्या, जॅक सोडला. गाडी सुस्कारा टाकून चार चाकांवर बसली. आत्यानं चारही टोप्या स्वतः थापटून बसवल्या. पाचला सात मिनिटं कमी होती.

"मिलिमीटर, पुढे बस. मिस्त्री, तुम्ही माझ्या मागे. आणि तू," ती बाबांना म्हणाली, "मागे डावीकडे. तुझ्या चाकावर."

"पण मी उजवीकडे बसलो तर..."

"बस म्हटलं ना."

आम्ही गल्लीतून निघून उताराच्या टोकाशी पोहोचलो. खाली, बरोबर त्या पायरीच्या दुकानासमोर, गृहस्थ आपल्या रिकाम्या ट्रेलरशेजारी हाताची घडी घालून उभे होते. आत्यानं गिअर काढून गाडी सोडली. वेग वाढत गेला. मी दाराची कडी घट्ट धरली. मागे बाबा काहीतरी पुटपुटत होते. ट्रेलर मोठा होत होता.

आत्यानं डावा पाय उचलून चक्क सीटवर दुमडून घेतला. मग उजव्या पायाचा नुसता चवडा टेकवला.

गाडी थांबली. सरळ रेषेत, एकही हिसका न देता, ट्रेलरपासून चांगली तीन पावलं दूर.

तेवढ्यात मागून टण् असा आवाज आला. एक चकचकीत टोपी गाडीला ओलांडून पुढे गेली, ऐटीत घरंगळत त्या गृहस्थांच्या बुटांपर्यंत पोहोचली आणि गोल गोल फिरत आडवी झाली.

मिस्त्री हसता हसता सीटवरून घसरले. आत्याचे डोळे भरले होते, पण आवाज शाबूत होता.

"धाकट्या," ती म्हणाली, "उतर. ती आण. आणि त्यांना सांग, गाडी माझी आहे."