सतरा नंबरचं औषध

भाऊजी मोजणीखात्यात होते, त्यामुळे त्यांचं निम्मं आयुष्य रानात, तंबूतच गेलं. शेवटच्या मोजणीहून ते परतले ते ताप घेऊनच. ताप उतरायचा, पुन्हा चढायचा. हातापायांच्या काड्या झाल्या आणि पोट मात्र डावीकडून फुगत चाललं. तपासण्या झाल्या आणि निदान ऐकून त्यांची मेहुणी खुर्चीत बसलेली होती तशीच राहिली. वाळूमाशीच्या चाव्यातून शिरणारा, प्लीहेत आणि यकृतात ठाण मांडणारा हाच परजीवी तिच्या संशोधनाचा विषय होता. ऐन तारुण्यापासून तिनं दुसरं काही केलंच नव्हतं.

घरात तिला सगळे ‘किडेबाई’ म्हणायचे. नाव ठेवलं होतं भाऊजींनीच. ती वॉर्डात आली की ते उशीला टेकून हसायचे.

“काय किडेबाई, आमच्याकडे उतरलेली मंडळी तुमच्या ओळखीची दिसतात. जरा सांगा की त्यांना, पाहुणचार पुरे झाला म्हणून!”

ती हसायची. पण नेहमीचं औषध लागू पडत नव्हतं, हे त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट सांगत होते. त्या परजीवीला ते औषध पचायला लागलं होतं.

एके दुपारी तिची ताई, भाऊजींची बायको, थेट प्रयोगशाळेत आली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच. पिंजऱ्यांच्या खोलीच्या काचेशी ती उभी राहिली. आत हॅमस्टर भुशात लोळत होते.

“हे तुझ्या औषधानं बरे झालेत ना?”

“झालेत.”

“मग ह्यांना दे.”

“ताई, हे सतरा नंबरचं औषध अजून माणसाला दिलेलं नाही. काही प्राण्यांच्या किडन्या गेल्यात त्यानं. का गेल्या, तेच आम्हाला कळलेलं नाही.”

“आणि न देऊन काय होणार आहे, ते कळलंय ना?”

शेवटी धाकटीनं संस्थेच्या प्रमुखांना विचारून पाहिलं. त्यांनी नकार दिला. खरं तर त्यांच्या जागी तीही तेच म्हणाली असती, आणि हेच तिला जास्त लागलं. ताईला तिनं फोनवरच सांगितलं. ताई म्हणाली, “बरं.” रडली नाही, भांडली नाही.

त्यानंतर धाकटीचं वॉर्डात जाणं कमी कमी होत गेलं. किडन्यांचा घोळ सुटला तर वेळेत काहीतरी करता येईल, असं ती स्वतःला बजावायची आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायची. कामाला ती जुंपली होती, हे खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरंच होतं. ज्या माणसासाठी औषध फडताळात आहे आणि देता येत नाही, त्याच्यासमोर जाऊन बसायचं कसं? तिला तोंड दाखवायचा धीर होईना. ताई फोन करायची, “विचारत होते गं तुला.” ती म्हणायची, “उद्या येते.” तो उद्या काही उगवला नाही. भाऊजी गेल्याचं तिला भाचीनं कळवलं, तेव्हा तिच्या हातात पिपेट होती.

पुढे किडन्यांचं गूढ उकललं. दोष औषधाचा नव्हता, ते ज्या द्रावणात विरघळवत होते त्याचा होता. द्रावण बदललं, माणसांवर चाचण्या झाल्या, आणि लोक आपल्या पायांनी घरी जाऊ लागले. संस्थेत पेढ्याचे बॉक्स फिरले. ती मात्र प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडून उभी राहिली.

ही बातमी ताईला दुसऱ्या कुणाकडून कळायला नको, म्हणून ती तिच्या घरी गेली. ताई कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीनं सगळं सांगितलं, द्रावणाचंसुद्धा. शेवटी म्हणाली, “तेव्हा दिलं असतं तर...”

“तेव्हाचं द्रावण तेच होतं ना?” ताईनं विचारलं.

“हो.”

“मग कदाचित त्यानंच गेले असते. मी त्याचा राग धरलेला नाही. तू दिलं नाहीस हे त्यांनाही पटलं होतं. मलाच समजावत होते, तिला कोंडीत पकडू नकोस म्हणून.” ताईचे हात थांबले. “पण तू आली नाहीस गं. दार वाजलं की ते मान वळवायचे. औषधासाठी नाही. तू आलीस की ते चेष्टा करायचे, बाकी कुणाशी करत नव्हते. तेवढा वेळ त्यांना आजारी असल्याचा विसर पडायचा.”

एवढे दिवस धाकटी मनातल्या मनात एका गुन्ह्याचा बचाव करत होती, आणि आरोप भलताच निघाला होता. त्याला तिच्याकडे बचाव नव्हता.

“मला वाटलं, माझं तोंड बघून त्यांना त्रास होईल,” ती कशीबशी म्हणाली.

“विचारायचंस तरी.”

ताईनं तिला जवळ घेतलं नाही, जा असंही म्हटलं नाही. हातातली घडी ठेवून ती उठली आणि चहा टाकायला आत गेली. धाकटी उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसली, आणि तिच्या नीट जमेनात.