भुऱ्याला काय कळलं होतं

जंगलूच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. मधोमध त्याची शाळकरी पोर रश्मी घामाने निथळत थरथरत होती आणि घरचा कुत्रा भुऱ्या तिचे हात चाटत रडत होता.

"कुत्र्याले दिसते! पोरीच्या अंगावर भूत बसलं हाये!" उदाराम महाराज गरजले. त्यांनी लिंबू ओवाळलं, एका दमात साऱ्या देवांना हाका मारल्या आणि मंतरलेला गूळ रश्मीच्या तोंडात घातला. थोड्या वेळाने पोरगी उठून बसली.

"माय, एवढे लोक कायले जमले?"

बाया महाराजांच्या पाया पडल्या.

मी गावचा मास्तर. म्हटलं, "महाराज, गूळ न देता नुसता मंत्र म्हणून पाहता का?"

"गुरुजी, देवाची परीक्षा घेऊन राहिले काय?" महाराजांनी लगेच हुकूम सोडला. रश्मीच्या सुया बंद. सुईच्या भोकातूनच बाहेरचं आत शिरते. अन् कुत्रा भुताले बोलावते, त्याले हाकला.

रश्मीला लहानपणापासून मधुमेह. इन्सुलिनवाचून तिचं चालत नसे. मी जंगलूला परोपरीने सांगितलं. त्याने दार लावून घेतलं. लोकांनी भुऱ्याला दगड मारले. त्याचा पाय मोडला, तो लंगडत गावाबाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी रश्मीची आई फुलवंता शाळेत धावत आली. "गुरुजी, पोरगी ओकून राहिली, धाप थांबत नाही. महाराज म्हणते, भूत निघून राहिलं!"

जीप करून आम्ही देवरीचा दवाखाना गाठला. रश्मी वाचली, पण थोडक्यात.

डॉक्टरीणबाईंनी जंगलूला समोर बसवलं. "इन्सुलिन बंद केलं म्हणून ही मरत होती. अन् तुम्ही सांगता त्या दिवशी, अंगणात, सुई घेतल्यावर ती जेवली नव्हती, म्हणून रक्तातली साखर उतरली होती. गुळाने ती सावरली, मंत्राने नाही."

"मंग कुत्रा काऊन रडे?"

"साखर उतरली की अंगाचा वास बदलतो. आपल्याला कळत नाही, काही कुत्र्यांना कळतो. तो भूत पाहत नव्हता, तुम्हाला सांगत होता."

जंगलूने मान खाली घातली. "अन् आमी त्याले दगडं मारले."

फुलवंताने भुऱ्याला शोधून घरी आणलं. पुढे एका सकाळी तो पुन्हा रश्मीभोवती रडू लागला. शेजारी जमले. तिने बोट टोचून यंत्रावर पाहिलं, साखर उतरलेली. साखरपाणी पिऊन ती सावरली. महाराजांना कुणी बोलावलं नाही. "माह्या गुळाचा गुण उरला होता," ते म्हणाले म्हणे.

मला बरं वाटलं, पण दुसऱ्याच दिवशी भुऱ्याच्या कपाळी कुंकू! शेजारच्या मंगरूने बायकोला त्याच्यापुढे बसवलं होतं. तिच्या पोटात कित्येक महिन्यांपासून गाठ.

"वास घेऊन सांगू दे, गुरुजी. दवाखाना लय लांब हाये."

"लांब आहे, खरं आहे. पण भुऱ्याला फक्त रश्मीच्या अंगाचा वास ओळखीचा आहे, अन् तिथेही तो कधी कधी चुकतो. म्हणून ती यंत्रावर पाहते."

मंगरू भुऱ्यापुढेच बसून राहिला. त्याची बायको मात्र उठली आणि देवरीला जायला माझ्याबरोबर बसस्टॉपवर आली.

वाचकहो, बाबा असो की कुत्रा, हात जोडण्याआधी विचारा: हे कशाने झालं? उत्तर मिळेपर्यंत औषध बंद करू नका. गाठ वाट पाहत थांबत नाही.