जावेनं जाळलेला पाला

मी सोनामुखीचा पाला चाळत होते आणि धाकटी जाऊ आरशासमोर पांढरा कोट चढवत होती. सकाळची ही वेळ मला रोज छळते. चाळणी माझ्या हातात, धूळ माझ्या डोक्यात, आणि ह्या निघाल्या कोट घालून.

"ताई, पोतं आज आणणार ना?" तिनं विचारलं.

"आणते की. बाईंचा हुकूम होईल तेव्हा आणते."

"मला कशाला बाई म्हणता?"

"मग काय म्हणू? सगळं गाव म्हणतंय."

ती हसली आणि गेली. तिला टोमणा कळत नाही, की कळून गिळते, हे मला सहा वर्षांत समजलेलं नाही.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटतो. तिच्याआधी ह्या गावात पाल्याची पारख करावी तर मीच. हा पाला पोट साफ करायच्या औषधाला जातो, आणि आमच्याकडं घरटी त्याचे दोन-चार वाफे आहेतच. वाळलेला पाला मुठीत घ्यायचा, कानाजवळ चुरायचा. आवाज कोरडा आला पाहिजे. मग वास, मग एक तुकडा दाताखाली. कचकच लागली तर माती. व्यापारी दारात ताटकळायचा, पण मी मान हलवल्याशिवाय पोतं उचलायचा नाही. लोहारीण तर पोतं आणून आधी माझ्या पायाशी ठेवायची.

मग औषधाच्या कंपनीनं शाळेशेजारच्या खोलीत तपासणी केंद्र काढलं, आणि धाकटी शिकलेली म्हणून तिला तिथं घेतलं. तिथं पाला चिनीमातीच्या वाटीत जाळतात. त्याची राख आम्लात उकळतात. राख विरघळते, वाळू तेवढी तळाशी उरते. तिचं वजन करायचं आणि ठरवायचं, पोतं पास की नापास. झालं, माझ्या दातांना काही कामच उरलं नाही. लोहारीण हल्ली डोक्यावर पोतं घेऊन माझ्या दारावरून जाते, "बरं आहे ना?" विचारते आणि थांबतसुद्धा नाही.

त्या सकाळी माझ्या डोक्यात किडा वळवळला. ही वाटी खरंच काही ओळखते का, बघू तरी. शेजाऱ्याच्या भिंतीसाठी नदीची वाळू येऊन पडली होती. दोन ओंजळी आणल्या, बारीक चाळल्या आणि पोत्यातल्या मधल्या पाल्याला ओलसर हातानं चोळल्या. खाली चांगला पाला, वर चांगला पाला. बेत असा, की तिनं पोतं पास केलं की सगळ्यांसमोर मधला पाला काढायचा आणि लोहारणीच्या दाताखाली द्यायचा. बघ म्हणावं, तुमच्या बाईंची तपासणी. मग सगळ्याजणी पुन्हा माझ्या दारात. त्यापायी माझं एक पोतं वाया गेलं तर गेलं.

केंद्रात दहा-बारा जणी बसल्या होत्या. धाकटीनं माझ्या पोत्यात कोपरापर्यंत हात घातला आणि तीन ठिकाणचा पाला काढला. वरचा, मधला, खालचा. असं करतात हे मला ठाऊकच नव्हतं. रागापायी मी आजवर पोतं केंद्राच्या दारात टाकून परत फिरायची, आत बघायला कधी गेलेच नव्हते.

दुपारी ती वाटी घेऊन केंद्राच्या दारात आली. चेहरा उतरलेला. मी म्हटलं, आता ही लपवणार. घरचं पोतं, सांभाळून घेणार. मग तर आणखीच बरं. लबाडी पकडली म्हणून बोंब मारायला मी तयारच बसले होते.

"ताई, तुमचं पोतं नापास झालं," ती सगळ्यांसमोर म्हणाली. "वाळू फार आहे. परत न्यावं लागेल."

मग लोहारीणच म्हणाली, "थोरल्या जावेलाही सोडलं नाही हो हिनं. म्हणजे इथं वशिला चालत नाही."

"आता माझं नापास झालं तरी मी तोंड उघडायची नाही," दुसरी म्हणाली.

कालपर्यंत ह्याच बाया कुजबुजत होत्या, की धाकटी घरचं पास करते आणि आमचं अडवते. ती कुजबूज मीच लावून दिली होती. सहा महिने जपून वाढवलेली गोष्ट मी एका दुपारीत माझ्याच हातानं मातीत घातली. वर कुणीतरी हळूच म्हणालं, "थोरलीला आता पूर्वीसारखं दिसत नाही वाटतं." वाळू मुद्दाम घातली म्हणावं तर मी भेसळ करणारी. गप्प बसावं तर मला वाळू ओळखता येत नाही. मी पोतं उचललं आणि घरची वाट धरली.

संध्याकाळी पोतं अंगणात ओतून मी पाला निवडत होते. धाकटी आली, कोट खुंटीला लावला आणि समोर बसून निवडू लागली.

"ताई, आपल्या शेताची माती काळी आहे," ती खाली बघत म्हणाली.

"मग?"

"वाटीत पांढरी वाळू उरली होती. नदीची."

माझे हात थांबले. "वहीत लिहिलंस तसं?"

"वहीत वजन लिहितात. रंग नाही लिहीत."

"घरात कुणाला बोललीस?"

"कशाला बोलू? आणा ती चाळणी इकडं. दिवसभर वाकून पाठ दुखत असेल तुमची."

मी चाळणी दिली. तिनं भांडावं, सासूबाईंना सांगावं, चारचौघांत माझी अब्रू काढावी, ह्याचीच मी वाट बघत होते. म्हणजे उद्यापासून मला तिच्याशी उघड वैर धरता आलं असतं. ती मात्र मुकाट्यानं पाला चाळत राहिली. माझ्यापेक्षा नीट चाळत होती. तेही मला बघवेना.