कॉलरवरचा सुरवंट

"मी झाडाखाली असेपर्यंत फांदीला कुणी हात लावायचा नाही," फवारणीवाल्याने बजावून सांगितलं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरीने नंदीबैलासारखी मान डोलावली. पण फवारा सुरू व्हायच्या आतच या शहाण्याने वॉचमनच्या हातात बांबू दिला. "हाण. खाली पडले की पटकन उरकेल."

बांबू बसला आणि सुरवंटांचा अख्खा घोस फवारणीवाल्याच्या डोक्यावर, मानेवर, शर्टाच्या आत पडला. अंगाची लाही लाही झाली.

आज तो खरं तर येणारच नव्हता. एका रात्रीपुरती आलेली लेक दुपारी सासरी निघणार होती, लांब. तिची तान्ही पोर त्याने काल रात्री पहिल्यांदा पाहिली, तीही झोपेत. "सकाळी घे हवी तेवढी मांडीवर," बायको म्हणाली होती. पण या सेक्रेटरीने भल्या पहाटेपासून फोन करकरून जीव नकोसा केला.

"साहेब, अक्कल गहाण टाकलीत का?"

"अहो, एवढं काय त्यात? जरा खाजेल."

"मला खाजू दे. घरी तान्हं बाळ आहे. हे सुरवंटांचे केस तिच्या डोळ्यांत गेले म्हणजे? आधी अंघोळीला पाणी द्या."

सेक्रेटरी नाकाला रुमाल लावून मागे सरला. "इथे नको हो, लोक ओरडतील. घरी जाऊन करा. पण आधी झाड पुरं करा."

"झाड तुम्हीच करा पुरं," म्हणत त्याने पंप तिथेच आपटला. बसमध्ये त्याला कुणी चढू देईना. साऱ्या वाटेने सेक्रेटरीचा उद्धार करत तो पायी निघाला.

दारात टॅक्सी उभी होती, जावई सामान चढवत होता. लेक बाळाला घेऊन धावतच आली. "बाबा, होतात कुठे? ट्रेन चुकेल आमची. घ्या हिला, क्षणभर तरी."

"जवळ आणू नकोस," तो खेकसला. बाळ दचकून रडू लागलं आणि लेकीचा चेहरा उतरला. त्याने मान वळवून कॉलर दाखवली. तिथे एक सुरवंट अजून निवांत चालत होता.

ती जागीच थांबली. "पुढच्या वेळी घ्या हं, बाबा."

"हो. तोवर चालायला लागेल ती."

टॅक्सी निघाली. बायकोने अंगणात पाण्याची बादली आणून ठेवली होती. तो मात्र दोन्ही हात अंगापासून लांब धरून वळणाकडे बघत राहिला. त्या हातांनी डोळे पुसायचीही सोय नव्हती.