नऊ पावलं उरली

“मॅडम, तुम्ही परत कधी जाणार?”

विचारलं! एका दमात, न अडखळता. आणि जिन्याखाली दडून बसलेल्या माझ्या मैत्रिणींना, यावा आणि एन्यामला, ऐकू जावं म्हणून चांगलं खणखणीत विचारलं.

पैज त्यांनीच लावली होती. आमच्या गेस्ट हाउसातल्या चार नंबरच्या येवू बाईला हा प्रश्न तोंडावर विचारायचा. गोऱ्या माणसाला आम्ही येवू म्हणतो, त्यात राग नसतो. पण पाहुण्याला ‘कधी जाणार’ विचारणं म्हणजे आमच्या केटा गावात त्याच्या पुढ्यातला मासा उचलून घेण्यासारखं आहे. आईनं ऐकलं असतं तर माझी धडगत नव्हती.

“तू विचारणार? तू?” यावा हसून हसून लोळली होती. “मागच्या टर्मला हजेरी देताना तुझा आवाज बाकाच्या पलीकडे जात नव्हता!”

ती मागची टर्म झाली. आता सकाळच्या प्रार्थनेला बातम्या मी वाचते, तेही माइक न घेता. माझं नाव झिग्बोडी, म्हणजे धीर. आई म्हणते, देवाने हे नाव पत्ता चुकून आमच्या घरी टाकलं.

तर चार नंबरच्या हेड्रून बाई पायरीवर थांबल्या. सत्तरीच्या, उंच, केस पांढरेशुभ्र. झगा कमरेपर्यंत भिजलेला. त्यांनी माझ्याकडे अशा प्रेमाने पाहिलं की मला एकदम वाटलं, नको होतं विचारायला.

“अजून नऊ पावलं,” त्या म्हणाल्या आणि वर गेल्या.

जिन्याखालून यावा बाहेर आली. “नऊ काय? दिवस?”

“पावलं म्हणाली.”

“कुठे जायला पावलं?”

 एन्याम पायऱ्यांवरच्या ओल्या पावलांकडे बघत होती. मग तिने हळूच बोट केलं ते दाराबाहेरच्या समुद्राकडे.

आमचं गेस्ट हाउस नऊ खोल्यांचं. पुढच्या दारी समुद्र, मागच्या दारी खाजण. जुनं केटा पुढच्या दारी आहे, म्हणजे पाण्याखाली. शाळा, दुकानं, गल्ल्या, सगळं समुद्राने एकेक करून नेलं. आम्हाला त्याचं काही वाटत नाही. मासे पकडणारे सहज म्हणतात, आज जाळं बाजाराच्या चौकात अडकलं.

हेड्रून बाईंचा जन्म त्याच जुन्या केटातला. वडील तिथे मास्तर होते. बाई पाच वर्षांच्या असताना ते सगळे जर्मनीला परत गेले आणि पाठोपाठ घर समुद्रात गेलं. वडिलांनी काढलेला घराचा नकाशा त्यांच्याकडे होता. आमच्या समोरच्या वाळूत काळा खडक आहे ना, तिथून घराच्या दारापर्यंत तीस पावलं. हे त्यांनी आल्या दिवशीच जेवताना सांगितलं होतं, आणि बाबांनी “अरे वा” म्हणून मक्याचं आक्प्ले अजून वाढायला लावलं होतं.

रोज दिवसाच्या ओहोटीला बाई खडकापाशी जायच्या. समुद्राकडे तोंड करून तीनदा हवेत टकटक करायच्या आणि हाक मारायच्या, “आगोऽऽ!”

आमच्याकडे कुणाच्याही दाराशी गेलं की ‘आगो’ म्हणायचं. आतून ‘आमे’ आलं तरच आत पाऊल टाकायचं. नाही आलं तर परत फिरायचं, मग भले राजा असो. बाई थांबायच्या, ऐकायच्या, परत फिरायच्या. साठ दिवसांचा व्हिसा होता, एकोणसाठ दिवस असंच चाललं. गावाला वाटायचं, बिचारी म्हातारी.

आणि आता कमरेपर्यंत भिजलेला झगा.

मी रिसेप्शनच्या टेबलामागे गेले. तिथल्या भिंतीवर इमिग्रेशनचा छापील कागद चिकटवलेला आहे. तो इतका जुना झालाय की आम्ही त्याला भिंतच समजतो. पहिल्यांदाच वाचला. परदेशी पाहुण्यांची यादी दर शुक्रवारी अफ्लाओच्या ऑफिसात द्यावी. मुदत संपलेल्या पाहुण्याला तसं सांगावं आणि ऑफिसला कळवावं. त्याला लपवू नये. त्याला कोंडू नये.

मग बाबांची वही उघडली. बाईंचा व्हिसा संपून वीस दिवस झाले होते. आणि गेल्या तीन शुक्रवारच्या याद्यांत चार नंबरची ओळच नव्हती.

“बाबा, हे काय?”

बाबा चष्मा पुसायला लागले. खोटं पकडलं गेलं की ते चष्मा पुसतात. “पहिल्या शुक्रवारी म्हटलं, जातील दोन दिवसांत. दुसऱ्या शुक्रवारी लिहायचं तर ते विचारणार, मागच्या शुक्रवारी का नाही लिहिलं? परवाना जाईल, पोरी.”

“आणि ज्याला आपण पाणी दिलं त्याला पोलिसांच्या हाती देतात का?” आई स्वयंपाकघरातून ओरडली. “तू अभ्यास कर!”

मी अभ्यास केला नाही, मोजलं. व्हिसाचा शेवटचा दिवस धरला तर एकवीस दिवस, रोजचं एक पाऊल. तिसातून एकवीस गेले, राहिले नऊ.

आणि मग मला तो शेवटचा दिवस आठवला.

त्या दिवशी शाळेला सुट्टी होती. बाईंची बॅग रिसेप्शनपाशी भरून ठेवलेली, गाडी यायची होती. मी किनाऱ्यावर एका होडीच्या सावलीत बसून प्रार्थनेच्या बातम्या मोठ्याने वाचायचा सराव करत होते. मागून कुणीतरी म्हणालं, “आगोऽऽ!”

मी मान वर न करता म्हणाले, “आमेऽऽ!”

एवढंच. लहानपणापासूनची सवय. झोपेतही कुणी आगो म्हटलं तर आमच्याकडची माणसं आमे म्हणतात. मी पुढची बातमी वाचायला लागले. थोड्या वेळाने घरी आले तर बॅग परत वर गेली होती.

यावा आणि एन्यामला मी हे दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत सांगितलं. यावा पहिल्यांदाच हसली नाही.

“म्हणजे तिला वाटलं, घरातून कुणी बोलवलं?”

“हो.”

“मग रोज पाऊल का टाकते? रोज कोण बोलवतं?”

म्हणून शाळा सुटल्यावर आम्ही तिघी त्याच होडीमागे जाऊन बसलो. ऊन लख्ख होतं. पलीकडे दोन बाया वाळूत मासळी उलटवत होत्या. मी दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. यावाने माझ्या हातांवर आपले हात दाबले, म्हणे तुझा भरवसा नाही. एन्यामने स्वतःच्या गणवेशाची कॉलर दातांत धरली.

बाई खडकापासून चालत पाण्यात शिरल्या. मोठ्याने मोजत होत्या, आमच्या भाषेत, लहान मूल मोजतं तशा. एकविसाव्या पावलाला थांबल्या. लाट आली, छातीपर्यंत चढली, ओसरली. त्यांनी तीनदा हवेत टकटक केली.

“आगोऽऽ!”

वाळूतल्या बायांनी मान वर केली नाही. का, ते मला तेव्हा कळलं. त्या दोघींनी ओठ घट्ट मिटून घेतले होते. चुकून ‘आमे’ निघू नये म्हणून मोठी माणसं कधीपासून काळजी घेत होती, आणि आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं.

वारा पडला. लाटांचा आवाजही दूर गेल्यासारखा झाला, खोलीचं दार लोटल्यावर होतो तसा.

“आमे.”

मोठ्याने नाही. घरातल्या घरात, हातातलं काम न सोडता म्हणावं तसं. कुणा दुसऱ्याच बाईचा आवाज होता.

बाईंनी बाविसावं पाऊल टाकलं.

यावा माझ्या कानात कुजबुजली, “झिग्बोडी, तू बोललीस!”

मी नुसतं तिच्या हातांकडे पाहिलं. ते अजून माझ्या तोंडावरच होते.

यावा आणि एन्याम पळाल्या. मीही पळणार होते, खरं सांगते, पण बाई पाण्यातून बाहेर येऊन सरळ माझ्याच दिशेने आल्या. झगा निथळत होता. त्या शेजारी वाळूत बसल्या. मी सगळं भडाभडा बोलून टाकलं. तो शेवटचा दिवस, होडी, बातम्या, माझा मेला मोठा आवाज.

“मॅडम, ते घर नव्हतं. ती मी होते. मला माफ करा आणि आता जाऊ नका. आज छातीपर्यंत आलं होतं. अजून आठ पावलांनी काय होईल?”

त्यांनी माझ्या गालावर हात ठेवला. इतका गार हात त्या उन्हात!

“आफी मला सांभाळायची,” त्या म्हणाल्या. “आम्ही गेलो तेव्हा ती दारात उभी होती. म्हणाली, ‘तू आगो म्हण, मी आत असले तर उत्तर देईनच.’ पहिल्या दिवशी तू असशील, पोरी. उरलेले एकवीस दिवस कोण होतं?”

  प्रश्न विचारायची मला आता सवय झाली होती, म्हणून अजून एक विचारला. “उद्या माझ्याबरोबर अफ्लाओला याल? तुमचा व्हिसा संपलाय. माझ्या बाबांचा परवाना जाईल. आणि मला एकटीला तिथे जायची भीती वाटते.”

यातलं शेवटचं ऐकून त्या विचारात पडल्या. 

“तुला भीती वाटत असेल तर येते,” त्या म्हणाल्या. “पण आधी आफीला सांगते.”

मी घरी आले, हात धुतले, वही घेतली आणि चार नंबरची ओळ लिहिली. पूर्ण नाव, पासपोर्टचा नंबर, व्हिसा कधी संपला ती तारीख. आई-बाबा जेवायला बसत होते. मी यादी ताटांच्या मधोमध ठेवली आणि होडीपासूनचं सगळं सांगितलं.

आईने घास खाली ठेवला. बाबांचा चष्मा हातातच राहिला. “मी... मी खोलीला बाहेरून कडी घालतो,” ते म्हणाले. “चार दिवस बाहेर पडूच द्यायचं नाही.”

“कोंडायचं नाही, बाबा. भिंतीवर लिहिलंय.”

“अगं, पण परवाना...”

“गेला तर गेला. मागच्या तीन शुक्रवारांचं काय ते तुम्ही तिथे खरं सांगायचं, आणि तिला आमे कुणी म्हटलं ते मी सांगणार. उद्याची ओहोटी पहाटे साडेपाचला आहे, पहिली गाडी सहाला. ‘आधी आफीला सांगते’ म्हणाली आहे, म्हणजे गाडीआधी पाण्यात जाणार, म्हणून मी आत्ता उशी घेऊन चार नंबरमध्ये चाललेय, तिच्या दाराला पाठ लावून झोपणार. उद्या मी शाळेत जाणार नाही, तिचा हात धरून अफ्लाओला जाणार. आणि आई, आज रात्री बाहेरून कुणीही आगो म्हणू दे, अगदी माझ्या आवाजात म्हणू दे, तुम्ही दोघांनी उत्तर द्यायचं नाही.”